परसांतील फुलकोबी



पालघर, बोईसर, तारापूर या टापूंत बागेची हौस असलेल्या गृहस्थांपाशीं फुलकोबीचा विषय काढला, तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळतें : "आमच्या हवेंत फ्लॉवर येत नाहीं. पानें हातभर वाढतात. पण गड्डा कांहीं धरत नाहीं." हें उत्तर देणारीं माणसें आळशी नसतात. त्यांनीं वाफे खणलेले असतात, शेणखत घातलेलें असतें, चार महिने सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या झाऱ्या वाहिलेल्या असतात. आणि शेवटीं हिरव्यागार पानांचा तो संभार गाईपुढें टाकण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला असतो. एकदां असें झालें म्हणजे घरांतल्या माणसांचा उत्साह मावळतो, मुलें बागेकडे फिरकेनाशीं होतात, आणि "समुद्रकांठीं फुलकोबी होत नाहीं" हा समज पुढच्या पिढीच्या पदरांत पडतो.

हा समज अर्धा खरा आणि अर्धा खोटा आहे. फुलकोबीच्या कांहीं जाती आपल्याकडे खरोखरच गड्डा धरणार नाहींत. मग कितीहि खत घाला. उलट कांहीं जाती अशा आहेत कीं, त्या योग्य वेळीं पेरल्या तर संक्रांतीच्या सुमारास आपल्या परसांतून भाजी निघेल. तेव्हां प्रश्न जमिनीचा कमी आणि जात व तारीख यांचा अधिक आहे. ही गोष्ट उलगडून सांगावी, हाच आजच्या भाषणाचा हेतु.

प्रथम या भाजीची थोडी ओळख करून घेऊं. ‘कोबी’ हा आपला शब्द मूळचा पोर्तुगीज भाषेंतील ‘कोव्ह’ या शब्दावरून आलेला. तारापूरचा किल्ला मराठ्यांनीं इ. स. १७३९ मध्यें पोर्तुगिजांपासून घेतला. परंतु त्यांचा हा शब्द मात्र आपल्या स्वयंपाकघरांत कायमचा राहून गेला. फुलकोबी हिंदुस्थानांत आली ती कंपनी सरकारच्या अमदानींत. इ. स. १८२२ मध्यें लंडनजवळच्या क्यू येथील सुप्रसिद्ध उद्यानांतून डॉ. जेम्सन यांनीं तिचें बीं सहारनपूरच्या कंपनीबागेंत आणलें, अशी नोंद आहे. थंड देशांतल्या या पाहुणीला उत्तर हिंदुस्थानची उष्ण व दमट हवा प्रथम मानवली नाहीं. परंतु तिकडील शेतकऱ्यांनीं एक शहाणपण केलें. अशा हवेंतहि ज्या थोड्या झाडांनीं गड्डा धरला, त्यांचेंच बीं ते वर्षानुवर्षें राखीत गेले. या निवडींतून उष्णता सोसणाऱ्या देशी फुलकोबीचा एक स्वतंत्र वंशच तयार झाला. आज आपण समुद्रकांठीं या भाजीची आशा धरूं शकतों, ती त्या अनामिक शेतकऱ्यांच्या पुण्याईवर.

आतां ज्याला आपण ‘फूल’ म्हणतों, तें आहे तरी काय ? शाळेच्या बागेंत मुलांना हा प्रश्न विचारला म्हणजे मोठी मौज येई. "पांढरें फूल" असें सगळे एका सुरांत म्हणत. वास्तविक फुलकोबीचें खरें फूल पिवळें, चार पाकळ्यांचें, अगदीं मोहरीच्या फुलासारखें असतें. कारण ही दोन्हीं झाडें एकाच कुळांतलीं. आपण खातों तो गड्डा म्हणजे फुलोरा होऊं पाहणाऱ्या, पण मध्येंच अडखळलेल्या असंख्य कोंबांचा गोळा होय. प्रत्येक कोंब फूल होण्यास निघतो, पण त्याचें फूल होत नाहीं. त्याच्या अंगावर दुसरे कोंब फुटतात, त्यांचीहि तीच गत होते, आणि तुऱ्यावर तुरा, त्या तुऱ्यावर पुन्हां तुरा असा तो थर चढत जातो. एक तुरा तोडून भिंगाखालीं धरा. सबंध गड्ड्याची लहानशी प्रतिमा त्यांत दिसेल. हा चमत्कार वनस्पतीच्या अंतर्गत कोणत्या घडामोडींनीं होतो, याचा उलगडा फ्रान्समधील व इतर देशांतील संशोधकांनीं इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध केला आहे.

गड्डा हा फुलोऱ्याचा आरंभ आहे, एवढें ध्यानांत आलें म्हणजे पुढची गोष्ट सोपी होते. फुलकोबीच्या झाडाच्या आयुष्यांत दोन अवस्था असतात. पहिली पानें वाढविण्याची आणि दुसरी गड्डा धरण्याची. पहिली अवस्था पुरी झाल्यावर झाडाला विशिष्ट प्रमाणांत गारवा भेटला, तरच तें दुसऱ्या अवस्थेंत शिरतें. तो गारवा भेटला नाहीं तर झाड बिचारें वाट पाहत राहतें आणि वाट पाहतां पाहतां पानें वाढवीत बसतें. आपल्या परसांतील हातभर पानांचें कोडें तें हेंच. अशा झाडाला आणखी खत घालणें म्हणजे त्याला आणखी पानें वाढविण्यास सांगणें होय.

हा गारवा किती लागतो, तें जातीवर अवलंबून आहे. बागशास्त्रज्ञांनीं आपल्या देशांतील फुलकोबीचे या दृष्टीनें चार वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग हळव्या जातींचा. त्यांस गड्डा धरण्यास सुमारें २० ते २७ अंश सेल्सियस उष्णमान चालतें. दुसऱ्या, म्हणजे निमहळव्या वर्गास सुमारें १६ ते २० अंश लागतें. तिसऱ्या वर्गास १२ ते १६ अंश लागतें. चौथा वर्ग गरव्या जातींचा. ‘स्नोबॉल’ म्हणून ज्या शुभ्र, घट्ट व देखण्या जाती प्रसिद्ध आहेत त्या या वर्गांतल्या, आणि त्यांस १० ते १६ अंश गारवा हवा असतो. भाताच्या हळव्या व गरव्या जाती आपणां सर्वांना ठाऊक आहेत. तोच भेद येथें आहे. मात्र भातांत तो मुख्यतः दिवसांचा असतो, येथें तो दिवसांबरोबर थंडीचाहि आहे.

आतां आपल्या हवेचा हिशेब मांडूं. डहाणूच्या किनाऱ्यावर जानेवारी महिन्यांत, म्हणजे वर्षांतील सर्वांत थंड दिवसांत, दुपारचें उष्णमान सरासरीनें २७-२८ अंश आणि पहांटेचें १६-१७ अंशांच्या आसपास असतें. दोहोंची सरासरी काढली तर ती २२ अंशांच्या जवळपास येते. हा आंकडा वरच्या चार वर्गांशीं ताडून पाहा. तो पहिल्या वर्गांत चपखल बसतो, दुसऱ्या वर्गाच्या उंबरठ्याबाहेर थोडक्यांत राहतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्गांपासून तर फारच दूर पडतो. नाशकाकडे पहांटेचा पारा जानेवारींत १०-११ अंशांपर्यंत उतरतो. म्हणून तिकडील पाहुण्यानें मोठ्या प्रेमानें आणून दिलेलें बीं आपल्या वाफ्यांत यश देईलच असें नाहीं. त्यांत बियाचा दोष नाहीं, आपल्या मातीचाहि नाहीं. समुद्र आपल्या रात्री ऊबदार ठेवतो, एवढेंच त्याचें कारण. स्नोबॉलचें बीं तर हिमाचल प्रदेशांतील कुलू खोऱ्यासारख्या थंड डोंगराळ भागांतच तयार करतात. जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. तेथें व मनोरच्या बाजूस डोंगरांच्या पायथ्याशीं रात्री अधिक गार असतात; तेथील हौशी मंडळींनीं दुसऱ्या वर्गांतील जाती अवश्य करून पाहाव्या. बोईसर, तारापूर, चिंचणी येथील मंडळींनीं मात्र पहिला वर्ग सोडूं नये.

या पहिल्या वर्गांत ‘पुसा दीपाली’, ‘पुसा मेघना’, ‘पुसा कार्तिक संकर’ या जाती येतात. दुसऱ्या वर्गांत ‘पुसा शरद’ ही चांगली आहे. ‘पुसा’ हें नांव कोठून आलें, असें पुष्कळ लोक विचारतात. बिहारमध्यें पुसा नांवाचें एक गांव आहे. सरकारची मोठी कृषिसंशोधन संस्था इ. स. १९०५ मध्यें तेथें स्थापन झाली. इ. स. १९३४ च्या भूकंपांत तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर, इ. स. १९३६ मध्यें ती दिल्लीस आली. पण येतांना गांवाचें नांव बरोबर घेऊन आली. बियांचें पुडकें घेतांना नुसत्या चित्राकडे पाहूं नये. चित्रांतला गड्डा सर्वच पुडक्यांवर सारखाच सुंदर असतो. जातीचें नांव, ती हळवी आहे कीं गरवी, बीं कोणत्या महिन्यापर्यंत चांगलें आहे, आणि तें संकरित आहे काय, एवढें वाचून मगच पैसे द्यावे. जातीचें नांवच नसलेलें पुडकें दुकानांत तसेंच राहूं द्यावें. संकरित जातीच्या झाडाचें बीं धरून पुढच्या वर्षीं पेरलें, तर आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहींत. साध्या जातींतहि मधमाशांमुळें कोबी, नवलकोल यांच्याशीं संकर होतो. यास्तव घरगुती बागेंत दरसाल नवें बीं घेणेंच बरें.

जात ठरल्यावर तारीख ठरवावयाची. आपले सण चंद्राच्या गतीवर चालतात, त्यामुळें दसरा-दिवाळी मागेंपुढें होतात. सूर्याचीं नक्षत्रें मात्र इंग्रजी तारखांशीं जुळून राहतात. म्हणून शेतकऱ्याप्रमाणें आपणहि नक्षत्रावर भिस्त ठेवावी. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागतें व ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या सुमारास संपतें. या हस्तांत बीं पेरावें. पांच आठवड्यांनीं, म्हणजे स्वाती नक्षत्र संपतां संपतां, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यांत रोपें वाफ्यांत लावावीं. तेथून दोन-अडीच महिन्यांत हळव्या जाती काढणीस येतात; म्हणजे गड्डा धरण्याची नेमकी वेळ आपल्या थोडक्या थंडीच्या दिवसांत पडते.

ही तारीख दोन्ही बाजूंनीं चुकूं शकते. श्रावण-भाद्रपदांत पेरलें तर मुसळधार पावसानें रोपें कुजतात. उलट डिसेंबर उजाडल्यावर जाग येऊन रोपें लावलीं, तर वरातीमागून घोडें असा प्रकार होतो. झाड लहान असतांनाच त्याला गारवा भेटतो, तें घाईनें गड्डा धरतें, आणि त्या गड्ड्याचा आकार सदऱ्याच्या बटणापेक्षां फारसा मोठा होत नाहीं. पानें हें फुलकोबीचें भांडवल आणि गड्डा हा त्यावरचा नफा होय. भांडवल जमण्यापूर्वींच दुकान उघडलें तर नफा तो किती मिळणार ? म्हणून थंडीपूर्वीं झाडाच्या अंगावर भरपूर पानें असलीं पाहिजेत. थंडी येतांना झाड तयार असलें पाहिजे. फुलकोबीची सारी कला या एका वाक्यांत आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. एक ग्रॅम बियांत सुमारें ३०० दाणे असतात. तेव्हां घरापुरतें अर्धा ग्रॅम बीं पुष्कळ झालें. पसरट खोका किंवा वीतभर उंचीचा लहानसा गादीवाफा घ्यावा. बारीक माती, चांगलें मुरलेलें शेणखत आणि वाळू समभाग मिसळून तो भरावा. भातरोपासाठीं आपल्याकडे राब भाजण्याची चाल आहे; तिचा एक हेतु तणाचें बीं मारणें हा असतो. घरबागेंत तेंच काम धुराशिवाय साधतें. मे महिन्यांत ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून पांच-सहा आठवडे उन्हांत ठेवला, म्हणजे मातींतील पुष्कळ तण व रोगजंतु उष्णतेनें मरतात. पेरणी चार-चार बोटांच्या अंतरानें ओळींत, अर्धा बोट खोल करावी. बीं दाट पडूं देऊं नये. वर भाताचा पेंढा पातळ पसरावा आणि अंकुर दिसतांच तो त्याच दिवशीं काढावा. नाहीं तर रोपें उंच व दुबळीं होतात. हस्ताचा पाऊस अवचित कोसळतो. म्हणून वर आच्छादनाची सोय हवी. या वयांत रोपांचा मोठा शत्रु म्हणजे बुंध्याशीं होणारी कूज. सकाळीं दिसायला टवटवीत असलेलीं रोपें संध्याकाळीं मान टाकतात. दाट पेरणी, सांचलेलें पाणी आणि कोंदट हवा हीं त्याचीं कारणें. ट्रायकोडर्मा नांवाची उपयुक्त बुरशी बाजारांत भुकटीच्या रूपानें मिळते. ती शेणखतांत मिसळून वापरल्यास या कुजीस बराच आळा बसतो.

वाफा कसा असावा ? पालघरकडे आंतल्या बाजूस जमीन बरीच भारी आहे, तर किनाऱ्याजवळ ती रेताड आहे. भारी जमिनींत पाणी सांचूं नये म्हणून वाफा उंच करावा. रेताड जमिनींत ओल टिकावी म्हणून शेणखत सढळ हातानें घालावें. जागा अशी असावी कीं, दिवसांतून निदान सहा तास ऊन पडेल. गेल्या दोन-तीन वर्षांत जेथें कोबी, मुळा किंवा मोहरी झाली असेल ती जागा टाळावी. कारण एका कुळाच्या रोगांना तेंच कूळ पुन्हां आयतें मिळतें. समजा, आपला वाफा १० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. दोन रोपांत एक हात, म्हणजे दीड फूट, अंतर ठेवलें तर तीन ओळींत प्रत्येकीं सात अशीं २१ रोपें त्यांत बसतात. एवढ्या वाफ्यास दोन-तीन घमेलीं मुरलेलें शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड पुरे. रोपें संध्याकाळीं लावावीं आणि लगेच पाणी द्यावें. चार-पांच पानांचीं, वीतभर उंचीचीं, जाड बुंध्याचीं रोपें निवडावीं. ज्याचा शेंडा नाहींसा झाला आहे असें रोप कितीहि जोमदार दिसो, त्यास गड्डा येत नाहीं. तें खुशाल फेकून द्यावें. महिन्यानें वाफा खुरपून पुन्हां थोडें खत द्यावें व बुंध्याशीं मातीची भर घालावी.

सदनिकेंत राहणाऱ्यांनींहि निराश होण्याचें कारण नाहीं. फूटभर रुंद व तितक्याच खोल कुंडींत एक रोप उत्तम वाढतें. अशा सहा कुंड्या सज्जांत किंवा गच्चीवर ठेवल्या, तर सहा वेळच्या भाजीची सोय झाली. मात्र कुंडीची माती लवकर वाळते, याची आठवण ठेवावी.

फुलकोबीचीं मुळें फार खोल जात नाहींत. म्हणून चार दिवस तहान आणि पांचव्या दिवशीं पूर असा प्रकार तिला सोसत नाहीं. रेताड जमिनींत दोन-तीन दिवसांआड व भारी जमिनींत पांच-सहा दिवसांआड, पण नेमानें, पाणी द्यावें. पाण्याविषयीं या भागांत एक सावधगिरी हवी. खाडीजवळच्या विहिरी पावसाळ्यानंतर गोड असतात, पण उन्हाळा जवळ येतो तसें त्यांचें पाणी मचूळ होत जातें. खाऱ्या पाण्यानें पानांच्या कडा करपतात. यासाठींहि पीक जानेवारीअखेर हातीं येणें श्रेयस्कर. दुसरें असें कीं, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें गेलेला आहे, हें आपणांस ठाऊकच आहे. कारखान्यांच्या वा त्यांच्या नाल्यांच्या जवळपास ज्यांची विहीर असेल, त्यांनीं भाजीस पाणी घालण्यापूर्वीं तें एकवार प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. जी भाजी लेंकरांच्या ताटांत वाढावयाची, तिच्या पाण्याविषयीं अंदाजावर विसंबूं नये.

आतां कांहीं दुखण्यांचीं लक्षणें सांगतों. गड्ड्यावर तपकिरी, पाणचट डाग पडले व देठ आंतून पोकळ निघाला, तर जमिनींत बोरॉन या द्रव्याची उणीव आहे असें समजावें. त्यावर उपाय सोनाराच्या दुकानांतला टाकणखार. वर सांगितलेल्या वाफ्यास लावणीच्या वेळीं चार-पांच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, मातींत सारखा पसरून मिसळावा. अधिक घालूं नये. अधिक झाल्यास तेंच विष ठरतें. पानाचें पातें आटून मधली शीर तेवढी चाबकाच्या वादीसारखी राहिली, तर मॉलिब्डेनम नांवाचें दुसरें द्रव्य झाडाला मिळत नाहीं असें जाणावें. हें आम्ल जमिनींत होतें आणि जमिनींत थोडा चुना मिसळून आम्लता कमी केली म्हणजे बहुधा दूर होतें. गड्डा भाताच्या शितांसारखा रवाळ दिसूं लागला, तर तो उष्णतेचा परिणाम. त्यास औषध नाहीं, तो ताबडतोब काढून स्वयंपाकघरांत न्यावा.

किडींमध्यें मुख्य म्हणजे चौकोनी ठिपक्याचा पतंग. त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानांच्या खालच्या बाजूनें हरितद्रव्य खातात आणि पानांस जाळीदार भोकें पाडतात. या किडीच्या भयानेंच बाजारासाठीं पिकवितांना फुलकोबीवर वारंवार विषारी औषधें मारलीं जातात. घरची फुलकोबी लावण्याचें खरें समर्थन येथें आहे. एकवीस झाडांची राखण डोळ्यांनीं व बोटांनीं होऊं शकते. एकवीस हजारांची होत नाहीं. वाफ्याच्या कडेनें मोहरीची एक ओळ पेरावी. मोहरीवर अंडीं घालणें या पतंगास अधिक आवडतें. तेव्हां कीड तिकडे गोळा होते आणि तेथें ती नाहींशी करणें सोपें जातें. रोज सकाळीं पानें उलटून पाहावीं व अळ्या वेंचाव्या. हें काम मुलांना द्यावें. त्यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते. तरीहि कीड वाढली तर ५० ग्रॅम निंबोळीचा मगज कुटून रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवावा, गाळून त्यांत साबणाचे थोडे पाणी घालावें आणि संध्याकाळीं पानांच्या दोन्ही अंगांस फवारावें. माव्यासहि हाच उपाय चालतो.

डिसेंबरच्या अखेरीस पानांच्या मधोमध सुपारीएवढा पांढरा गोळा दिसूं लागतो. येथून पुढें दररोज पाहणी हवी. गोळा मुठीएवढा झाला कीं, बाहेरचीं तीन-चार पानें त्यावर ओढून सुतळीनें सैल बांधावीं. ऊन लागलें तर गड्डा पिवळा पडतो व चवींत उग्रपणा येतो. बांधलेलीं पानें दोन दिवसांनीं सोडून आंत अळी शिरली नाहीं ना, तें पाहावें. आपल्याकडील दुपारा ऊबदार असल्यामुळें गड्डा झपाट्यानें भरतो आणि तितक्याच झपाट्यानें विस्कटतो. उद्यां आणखी मोठा होईल या लोभानें थांबूं नये. हळव्या जातीचा गड्डा अर्ध्या किलोच्या आसपास भरला, घट्ट व एकसंध दिसला, कीं तो काढावा. दुकानांतल्या दीड किलोच्या गड्ड्याशीं त्याची तुलना करणें अन्यायाचें आहे. त्याची जात वेगळी, त्याची हवा वेगळी. गड्डा शुभ्र नसून किंचित् पिवळसर असला तरी तोहि या जातींचा स्वभावच समजावा. सर्व गड्डे एकाच आठवड्यांत तयार होऊं नयेत म्हणून पेरणीच दहा दिवसांच्या अंतरानें दोन वेळां करावी. स्वयंपाकापूर्वीं तुरे वेगळे करून हळद व मीठ घातलेल्या कोमट पाण्यांत थोडा वेळ ठेवावे, म्हणजे लपलेली अळी बाहेर पडते. कोंवळीं पानें टाकूं नयेत. चण्याची डाळ घालून त्यांचीहि रुचकर भाजी होते.

शेवटीं एक विनंति. प्रत्येक घरांत या पिकाची एक टिपणवही ठेवावी. जातीचें नांव, पेरणीची तारीख, लावणीची तारीख, गड्डा प्रथम दिसल्याचा दिवस, काढणीचें वजन, आणि भिंतीवर उष्णतामापक असल्यास पहांटेचा पारा, एवढें तींत लिहावें. समुद्रकांठचें तारापूर आणि डोंगराच्या पायथ्याचें एखादें गांव यांत अंतर थोडें असलें, तरी त्यांच्या रात्री सारख्या नाहींत. पुस्तकांतील चार वर्ग साऱ्या देशासाठीं आहेत. आपल्या अंगणाचा वर्ग आपणच ठरवावयाचा असतो. शंका आल्यास पालघरचें कृषि संशोधन केंद्र व कोसबाडचें कृषि विज्ञान केंद्र हीं दोन्हीं आपल्या जिल्ह्यांतच आहेत. तेथील तज्ज्ञांना आपली वही दाखवून प्रश्न विचारावा. "फ्लॉवर येत नाहीं" एवढेंच सांगणाऱ्यापेक्षां, "अमुक जात अमुक तारखेला लावली, तेव्हां असें झालें" म्हणून सांगणाऱ्याला नेमकें उत्तर मिळतें. दोन-तीन हिवाळ्यांच्या अशा नोंदी झाल्या म्हणजे कोणत्या अंगणांत कोणती जात येते, हें शेजाऱ्यापाजाऱ्यांसहि खात्रीनें सांगतां येईल. आणि "आमच्या हवेंत येत नाहीं" या वाक्यापुढें "ती जात" असे दोन शब्द जोडले जातील. तेवढें झालें तरी या भाषणाचें सार्थक झालें असें मी समजेन. हस्त नक्षत्र लागण्यापूर्वीं बीं घरांत आणून ठेवा.